बाबा, तू बँडिटसारखा का खेळत नाहीस?

"मॅडम, एका कुत्र्याशी माझी तुलना होतेय, आणि मी हरतोय."

हे म्हणताना तो हसला. शेजारी बसलेली बायको हसली नाही, मग त्याचंही हसू मावळलं.

मी समुपदेशक. शनिवारी सकाळी साडेदहाला माझी त्यांच्याशी व्हिडिओवर भेट ठरलेली असे. त्यांच्याकडे तेव्हा दुपारचे तीन. ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. दोघं मूळचे सोलापूरकडचे, तिकडे जाऊन पाच वर्षं झालेली. तो एका गोदामात शिफ्टमध्ये काम करतो, ती वृद्धांच्या निवासात. मुलगी साडेपाच वर्षांची, तिकडच्या शाळेत 'प्रेप'मध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात. तिला इथे चिऊ म्हणते. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदललेत.

चिऊ 'ब्लूई'ची भक्त. ज्यांच्या घरात या वयाचं मूल नाही त्यांच्यासाठी सांगते: ही ऑस्ट्रेलियातली कार्टून मालिका, जो ब्रम यांनी तयार केलेली, २०१८ मध्ये सुरू झालेली. ब्लूई हे हीलर जातीच्या कुत्र्याचं सहा-सात वर्षांचं पिल्लू, बिंगो तिची धाकटी बहीण. आई चिली विमानतळावर सुरक्षा तपासणीत, बाबा बँडिट पुरातत्त्वज्ञ. भाग साधारण सात मिनिटांचा. त्यात हे चौघं खेळतात. फुगा जमिनीला लागू द्यायचा नाही, एवढ्यावरही अख्खा भाग होतो. मालिका ब्रिस्बेनमध्येच बनते आणि घडतेही तिथेच. लाकडी खांबांवरची घरं, व्हरांडा, कचऱ्याच्या डब्यात चोच घालणारे आयबिस पक्षी, हे सगळं चिऊला खिडकीतून दिसतं. त्यामुळे बँडिट तिच्या लेखी कार्टूनमधला नाहीच, पलीकडच्या गल्लीतल्या कुणाचा तरी बाबा आहे.

एका संध्याकाळी बाबा शिफ्टवरून येऊन सोफ्यावर आडवा झाला. चिऊ ऑक्टोपस होऊन त्याच्या अंगावर चढली. तो म्हणाला, "नंतर." ती म्हणाली, "बँडिट खेळतो. तू कायम नंतरच म्हणतोस." त्याने टीव्ही बंद केला आणि मालिकेवर बंदी घातली. दोन आठवडे. पहिले तीन दिवस रडारड झाली, मग चिऊने खेळायला बोलावणंच सोडलं. आईने मला फोन केला तो या गप्प बसण्यामुळे.

पुण्यातलेही आईबाप हेच विचारतात, शब्द तेवढे वेगळे. कार्टून बघून मूल आमच्याकडून फार अपेक्षा करायला लागलंय, आम्ही कमी पडतोय का, बंद करून टाकू का?

आधी माझी चूक सांगते. मी त्याला गृहपाठ दिला: रोज वीस मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून, ती म्हणेल ते खेळायचं. पुस्तकी सल्ला. शिस्तीचा माणूस, त्याने गजर लावून वीस मिनिटं भरली. पुढच्या शनिवारी आईने सांगितलं, की चौथ्या दिवशी चिऊ त्याला म्हणाली, "बाबा, तुझा चेहरा खेळत नाहीये."

खाली मान घालून तो बसला होता. मीही जरा वेळ काही बोलले नाही. मग विचारलं, "तुमचे वडील तुमच्याशी काय खेळायचे?"

"वडील?" त्याला प्रश्नच कळेना. "वडील कशाला खेळतील? आम्ही गल्लीत असायचो. विटीदांडू, लगोरी, गोट्या. अंधार पडला की आई हाक मारायची."

खरी गोम इथे होती. आपल्यापैकी कितीतरी जण आईबापांशी खेळून मोठे झालेलो नाही. खेळायला गल्ली होती, चुलत-आते भावंडं होती, आणि चुकलं तर रपाटा घालणारी शेजारची काकू होती. ब्रिस्बेनच्या उपनगरात हा माणूस एकट्याने अख्खी गल्ली व्हायला बघत होता, तेही आठ तास खोकी हलवून आल्यावर. आणि गंमत म्हणजे बँडिटही एकटा नाही. त्याच्या घरी आजी येते, मफिन आणि सॉक्स या चुलत बहिणी येतात, शेजारी आहेत, शाळेतली मित्रमंडळी आहेत. ही गर्दी आपण धरतच नाही, कारण आपली नजर बाबावर असते.

शिवाय ती सात मिनिटं बनवायला एका स्टुडिओला महिने लागतात. आपल्याला मात्र संध्याकाळ लागोपाठ जगावी लागते, मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजत.

मी बंदी उठवायला सांगितली, फक्त एका अटीवर: एकच भाग, तिघांनी मिळून. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद. भाग छोटा असल्यामुळे गोष्ट संपली की थांबता येतं, मूल अर्धवट तुटत नाही. निवड चिऊची. तिने ऑक्टोपसचाच भाग लावला.

आईबापांना तो बघितल्यावर कळलं, की त्यात बँडिट नायक नाहीच. ब्लूईची मैत्रीण क्लोई, डाल्मेशियन जातीची, ब्लूईच्या घरी ऑक्टोपसचा खेळ खेळून येते आणि आपल्या बाबाला तसंच खेळायला सांगते. त्या बिचाऱ्याला जमत नाही. क्लोई हिरमुसते. मग तो बाबा खऱ्या ऑक्टोपसची माहिती शोधतो आणि त्या माहितीतून दोघांचा खेळ वेगळाच होतो. चिऊ त्या संध्याकाळी बाबाला हेच सांगत होती. तो ऐकत होता ते "तू बँडिट नाहीस" एवढंच.

"म्हणजे मला ऑक्टोपस वाचावा लागणार?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "तुम्हाला काय येतं?"

"खोकी," तो म्हणाला. आणि या वेळी बायकोही हसली.

पुढच्या आठवड्यात 'गोदाम' जन्माला आलं. चिऊ चादरीत गुंडाळून पार्सल व्हायची. बाबा मोबाइलच्या टॉर्चने तिला स्कॅन करायचा. "माल कुठला? सोलापूर! वजन? बापरे, दोन माणसं लागतील." मग पार्सल खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात पोहोचतं करायचं. तिथे आई सही करायला नकार द्यायची, "माल फुटलाय, परत न्या." सगळा खेळ पाचसात मिनिटांत आटपायचा. खरं काम करताना तो जे बोलतो तेच बोलत होता, म्हणून चेहरा आपोआप खेळत होता. हे मला सुचलं नव्हतं, हे आवर्जून सांगते. नाहीतर श्रेय आम्हा समुपदेशकांना फुकट मिळतं.

आईचा प्रश्न मात्र उरलाच होता. ती एकदा एकटीच बोलायला आली. "मला खेळायचंच नसतं, मॅडम. दिवसभर आजी-आजोबांना उठवा, भरवा, आंघोळ घाला. घरी आल्यावर कुणी हात लावला तरी नको होतं. चिली असं कधी वागेल का?"

वागते. एका भागात चिली नवऱ्याला स्पष्ट सांगते, की मला वीस मिनिटं हवीत, कुणी जवळ यायचं नाही. ब्लूईला वाटतं, आई आपल्यावर चिडली का. या आईला मी एवढंच सुचवलं, की 'नंतर' हा शब्द सोडा. नंतर म्हणजे कधी ते साडेपाच वर्षांच्या पोरीला कळत नाही. "मी चहा पिणार, कप रिकामा झाला की तू ये," हे कळतं, कारण कप दिसतो. आणि "मी दमलेय, तुझ्यावर रागावले नाही," ही दोन वाक्यं एका दमात म्हणायची. दुसरं वाक्य आपण गृहीत धरतो. मूल धरत नाही.

गल्लीचंही काही करावं लागलं. दोन रस्ते सोडून एक मराठी कुटुंब होतं, पण भेटी म्हणजे मोठ्यांच्या गप्पा आणि मुलांच्या हातात टॅब. आता रविवारी तिथल्या बागेत लाकडी ठोकळ्यांची लगोरी लागते. बाबा पंच असतो. त्याच्या म्हणण्यानुसार हे सगळ्यात आरामाचं पद आहे.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, आता खेळायला नाही म्हणता का? म्हणाला, परवाच म्हटलं. रात्रपाळी करून आलो होतो, सरळ सांगितलं, "आज गोदाम बंद. कामगार झोपणार." चिऊ रडली, चारेक मिनिटं. मग तिने अस्वलाला टॉवेलात गुंडाळलं, बाबाच्या पोटावर ठेवलं आणि कानात सांगितलं, "सही उद्या कर."