पतंगांच्या अळ्या घराबाहेर वाढवायला साधा पिंजरा कसा बनवावा?

लाकडी पट्ट्यांचा ६०×६०×९० सेंटिमीटरचा सांगाडा करा, दाराला चेन (झिप) लावा. जाळीची छिद्रं १ मिलिमीटरपेक्षा बारीक हवीत. साध्या मच्छरदाणीतून छोट्या परजीवी गांधीलमाश्या आत शिरून अळ्यांत अंडी घालतात. जाळीला टेकलेल्या अळीला तर बाहेरूनही डंख बसतो, म्हणून आतल्या खाद्यझाडाच्या फांद्या जाळीपासून दूर ठेवा. मुंग्या हा खरा शत्रू: पिंजऱ्याचे चारही पाय साबणपाण्याच्या वाट्यांत ठेवा. फांद्या ज्या पाण्याच्या बाटलीत ठेवाल तिचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या बुडतात. सावली हवीच. विष्ठा रोज काढा, बुरशी धरते. जमिनीत कोश करणाऱ्या जाती असतील तर तळाशी १० सेंटिमीटर ओलसर भुसभुशीत माती घाला.

खाद्यझाड अंगणातच असेल तर पिंजरा कशाला? फांदीवर जाळीची पिशवी चढवून दोन्ही टोकं घट्ट बांधा.