मागचे झिजले, पुढचे शाबूत

प्रश्न: माझ्या पोर्शे ७१८ केमन एसच्या मागच्या टायरांची नक्षी २ मिलिमीटर उरली आहे, पुढच्यांची ५. दुकानदार मागे दुसऱ्या कंपनीची स्वस्त जोडी घाला म्हणतो. घालू का? की चारही सेमी-स्लिक (रेस ट्रॅकसाठीचे, कमी नक्षीचे टायर) घ्यावेत? (वाचक, पुणे)

उत्तर: दुसरी कंपनी नकोच. इंजिन मध्यभागी, सीटांच्या मागे असल्याने मागे वजन जास्त. मागची पकड पुढच्याशी जुळली नाही तर ओल्या घाटात शेपूट सुटते, म्हणजे गाडीची मागची बाजू घसरते. १९ इंची चाकांवर पुढे २३५/४०, मागे २६५/४० (टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये / रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची) हेच माप ठेवा आणि पुढच्या टायरचेच मॉडेल घ्या. बाजूवरची ‘एन०’, ‘एन१’ ही पोर्शेच्या मान्यतेची खूणही जुळवा. ती जुळत नसेल तर चारही बदला.

पैसे देण्यापूर्वी टायरवरची उत्पादनाची तारीख वाचा: ‘२३२४’ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. गोदामात पडून रबर कडक होते.

सेमी-स्लिक पावसाळ्यात नकोत. उथळ नक्षीतून पाणी निघत नाही, गाडी पाण्यावर तरंगते. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी पावसाआधी ३ मिलिमीटरलाच बदला. तुमची जोडी आत्ताच बदलायला हवी. नवे टायर पहिले २०० किलोमीटर जपून चालवा.