वजन हललं नाही म्हणून आईचं इंजेक्शन बंद करू नका

मालवणच्या ताई, तुम्ही लिहिलंय की आईला सेमाग्लुटाइड हे डायबेटिसचं इंजेक्शन चालू होऊन महिना झाला, उपाशीपोटीची साखर उतरली पण वजन तसंच, आणि शेजारी म्हणतायत औषध लागू पडत नाही, सोडा. प्लीज सोडू नका. आमच्या बाबांचं अगदी हेच झालं होतं म्हणून एवढं लिहितेय.

हे औषध साखर उतरवायला वजनाची वाट बघत बसत नाही. जेवून साखर वाढली की स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, ग्लुकॅगॉन हे साखर वाढवणारं हार्मोन दाबतं म्हणजे लिव्हर उगाच साखर ओतत नाही, शिवाय पोट सावकाश रिकामं होतं त्यामुळे भात खाल्ला तरी साखर एकदम उसळत नाही. वजन उतरलं की आणखी फायदा होतो हे खरं, पण डायबेटिसवाल्यांचं ते इतरांपेक्षा कमीच उतरतं. आणि 0.25 मिलिग्रॅम डोसचा पहिला महिना तर नुसता अंगाला सवय व्हावी म्हणून असतो.

आम्हाला महागात पडलं ते एक ऑफिस, नाव नाही लिहीत. बाबा याच औषधाच्या गोळ्या घ्यायचे, बिलाचे पैसे तिथून मिळायचे. तिथल्या बाईंनी दोन्ही केसपेपरवरच्या वजनाला लाल पेनने गोल केला आणि म्हणाल्या, हे बारीक व्हायचं औषध, त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि तुम्ही तर बारीकही झाला नाहीत. खालच्याच ओळीत एचबीए1सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, 9.1वरून 7.6वर आलेलं, तिकडे नजरसुद्धा नाही! बाबा मानी, पोरांच्या खिशाला खार नको म्हणून कुणाला न सांगता गोळ्या थांबवल्या, आम्हाला कळेस्तोवर साखर परत चढली आणि पायाची साधी जखम चिघळली. अजून आठवलं की डोकं फिरतं. शेवटी डॉक्टरांनी लेटरहेडवर ‘टाइप 2 डायबेटिससाठी’ असं स्पष्ट लिहून दिलं, सोबत रिपोर्ट लावला, तेव्हा बिल पास झालं. तुमचं क्लेमचं काही असेल तर ते पत्र आधीच घेऊन ठेवा.

पावसात आपल्याकडे लाईट जाते, तेव्हा इंजेक्शनचं नवीन पेन फ्रीजमधेच ठेवा पण बर्फाच्या कप्प्याला टेकवून नको, गोठलं तर वापरायचं नाही.

मी डॉक्टर नाही, डोसचं त्यांनाच विचारा. पण सोबत ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर 70च्या खाली जाऊ शकते, घाम, थरथर झाली की लगेच ग्लुकोज द्या आणि त्या गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस कमी करायचा का हे याच आठवड्यात विचारून घ्या. आईला ग्लिमेपिराइड चालू आहे का तेवढं कळवा.