पाणीपुरवठ्याच्या रेडिओ टेलिमेट्रीत (टाक्या-पंपांची माहिती रेडिओने दुरून कळवण्याच्या सोयीत) डीबीएम, फेड मार्जिन, फ्रेनेल झोन, पोलिंग म्हणजे काय?

आधी डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं माप. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. दर १० डीबीला ताकद दहापट बदलते, म्हणून उणे ७० आणि उणे १०० यांत हजारपट फरक! आकडा शून्याकडे जितका जवळ, तितका सिग्नल दणकट.

रेडिओला किमान उणे १०५ डीबीएम सिग्नल लागतो आणि तुम्हाला उणे ८५ मिळतोय, तर मधले २० डीबी हे फेड मार्जिन. सिग्नल कधी मंदावला तर कामी येणारे, गाठीला ठेवलेले पैसेच म्हणा.

फ्रेनेल झोनवर मात्र भलेभले फसतात. तापीकाठच्या जॅकवेलवरून (नदीचं पाणी उचलायच्या विहिरीवरून) ३ किलोमीटरवरची टाकी डोळ्यांनी दिसली की काम झालं, असं मीही समजायचो. पण लहरींना सुतळीएवढी वाट पुरत नाही. आडव्या केळफुलासारखी, मधे फुगलेली जागा लागते. ८६६ मेगाहर्ट्झला मध्यावर तिची त्रिज्या साधारण १६ मीटर, त्यातले निदान १० मीटर मोकळे हवेत. केळीच्या बागा आड येत नाहीत, बांधावरचा कडुनिंब येतो. फेब्रुवारीत पानगळीत जोडलेली आमची लिंक पालवी फुटल्यावर तुटायला लागली. शेवटी अँटेना ६ मीटर वर नेली.

पोलिंग म्हणजे गुरुजींची हजेरी. मास्टर, म्हणजे मुख्य रेडिओ, एकेका पत्त्याला हाक मारतो, ज्याचं नाव तोच बोलतो. हाक ऐकूच जात नसेल तर मधल्या टेकडीवर रिपीटर, म्हणजे हाक पुढे पोचवणारा रेडिओ.

आणि हो, भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला १ वॉटपर्यंत वेगळा परवाना लागत नाही.