माठात बुडणारा हात

वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या ताईंनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एका उपकेंद्रात 32 वर्षं आरोग्यसेविका म्हणून काम केलं आहे.

प्रश्न : पिण्याचं पाणी आम्ही जारचं घेतो. फरशी दिवसातून दोनदा जंतुनाशक टाकून पुसते. हाताचा साबणही जंतू मारणारा, महागातला आणते. तरी 14 महिन्यांच्या धाकट्याला जूनपासून तिसऱ्यांदा जुलाब झालेत. सासूबाई म्हणतात, दात येताहेत म्हणून होतंय. – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, दातांमुळे जुलाब होत नाहीत. दात येण्याच्या वयातच मूल रांगू लागतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं, म्हणून दोन्ही गोष्टी बरोबरीनं दिसतात. सासूबाईंनी पाहिलंय ते खरंच आहे, कारण तेवढं वेगळं आहे. त्यांना दुखवू नका.

जार घरात येईपर्यंतचं तुम्ही सगळं लिहिलंत. उघडल्यावर पाण्याचं काय होतं, ते मला हवंय. माठात ओतता का? मग माठातून कशानं घेता?

माझ्या एका गावात एकाच नळावर दोन घरं होती, भिंतीला भिंत लागून. एका घरातली मुलं सारखी आजारी. मी पाण्यातलं क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली घेऊन गेले. काचेच्या नळीत नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले, लगेच पिवळसर रंग आला. म्हणजे पाण्यात क्लोरीन होतं. मग त्याच घरातल्या माठातलं पाणी घेतलं. तेच थेंब टाकले आणि नळी दाराच्या उजेडात धरली. रंगच नाही. घरच्या आजी म्हणाल्या, ‘‘बघा, कसं नितळ आहे!’’ मला मात्र धस्स झालं. पाणी दोन दिवसांचं, झाकण अर्धवट, आणि आमच्यासमोर अंगणातून धावत आलेल्या पोरानं मनगटापर्यंत हात घालून पेला भरून घेतला. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. मग त्या हातावरून जे आत उतरलं, त्याला अडवायला पाण्यात काही उरत नाही. शेजारच्या घरी लांब दांड्याचं ओगराळं होतं, खिळ्याला टांगलेलं.

तुमच्या जारचं पाणी आरओचं असेल तर त्यात पहिल्यापासूनच क्लोरीन उरलेलं नसतं. एक बोट बुडालं तरी पुरे. तेव्हा तोटीचा माठ घ्या, नाहीतर ओगराळं आणा आणि ते ओट्यावर आडवं न टाकता टांगून ठेवा. माठ रोज रिकामा करून घासा. बाळाचं पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. तुरटी फिरवून भागत नाही. तिनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. बाळाची शी कोण धुतं, आणि लगेच पुढचं काम काय करतं? ‘‘लेकराच्या शीची कसली घाण!’’ हे मी घरोघरी ऐकलंय, अगदी मायेनं म्हटलेलं. पण मोठ्यांच्या शौचात जे जंतू असतात ते बाळाच्याही शीत असतात. लंगोट त्याच मोरीत, भांड्यांच्या घासणीशेजारी धुतला, हात नुसते पाण्याखाली धरले, पदराला पुसले आणि कणीक मळायला घेतली, तर फरशी दोनदा पुसून काय उपयोग? शी धुतल्यावर आणि बाळाला भरवण्याआधी, या दोन वेळा एकदाही चुकवू नका. साबण लावून बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली 20 सेकंद चोळा. हात पुसायचं फडकं वेगळं ठेवा आणि ते रोज उन्हात वाळवा.

साबण साधा चालतो. ट्रायक्लोसानसारखी 19 रसायनं घातलेले हात धुण्याचे साबण विकायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2016 मध्ये बंदी घातली, कारण साध्या साबणापेक्षा ते जास्त उपयोगी आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. तो पैसा तोटीच्या माठात घाला.

सध्याच्या जुलाबांसाठी ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवा. अर्धी पुडी पेल्यात अंदाजानं टाकू नका, खूप दाट झालं तर बाळाला अपाय होतो. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायच्या. अंगावरचं दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, शीत रक्त दिसलं किंवा पोटात काहीच ठरेना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

प्रश्न : 2025 च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण सापडले. तेव्हापासून मी चिकन नळाखाली पाच-सहा पाण्यांनी धुते. बरोबर ना? – धायरी, पुणे

उत्तर : नका धुऊ. त्या वेळी काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. तो कोंबडीच्या आतड्यात असतो. धुऊन तो जात नाही. उलट नळाच्या धारेनं उडालेले शिंतोडे ओट्यावर, शेजारी निवडून ठेवलेल्या कोथिंबिरीवर बसतात, आणि कोथिंबीर आपण कच्चीच खातो. हळद-मीठ चोळूनही तो मरत नाही. मरतो तो शिजवल्यावर, आतला गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत. काही लागलेलं काढायचंच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हातानं काढा. सुरी आणि पाट वेगळा ठेवा, कोशिंबीर आधी चिरून झाकून ठेवा.

त्या साथीत दूषित पाण्यावरही संशय होता, म्हणून पाणी उकळून पिणं सोडू नका. आणि जीबीएस झालेल्या माणसाला भेटायला घाबरू नका. संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, तो हा आजार. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

प्रश्न : संडास लख्ख व्हावा म्हणून ब्लीचिंग पावडर टाकून वरून अ‍ॅसिड ओतलं. ठसका लागला, डोळे चुरचुरले. जंतू जास्त मरतात का? – नागपूर

उत्तर : दादा, पुन्हा कधीही करू नका. त्यातून क्लोरीनचा वायू निघतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. असं झालंच तर भांडं तिथंच टाकून आधी बाहेर मोकळ्या हवेत या. एका वेळी एकच वस्तू वापरा. अजूनही छाती भरल्यासारखी वाटत असेल तर डॉक्टरांकडे आजच जा.

प्रश्न : घरात वयस्कर माणसं आहेत, म्हणून कामाच्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलाय. स्वच्छतेच्या दृष्टीनं योग्यच ना? – ठाणे

उत्तर : नाही. हे वाचून मला वाईट वाटलं. साबणानं घासून वाळवलेल्या कपातून तुमच्या सासऱ्यांना काही होणार नाही. ज्या हातांनी मावशी तुमची भाजी चिरतात, त्या हातांना तुमच्या बेसिनवरचा साबण आल्याबरोबर मिळतो का, ते पाहा. त्यांना जुलाब होत असतील तर सुट्टी द्या, थांबल्यावर आणखी दोन दिवस द्या आणि पगार कापू नका. पगार कापला जातो म्हणूनच बाया आजार लपवून कामावर येतात. माझ्या उपकेंद्रात अशा कितीतरी जणी संध्याकाळी सलाइन लावून सकाळी भांड्यांना गेल्यात. उद्या मावशी आल्या की आधी साबण दाखवा, मग घरातल्याच कपात चहा द्या.