1998 च्या कार्ब्युरेटरवाल्या जिप्सी किंगला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग बसवता येईल का? कोणत्या गाडीचं घ्यावं?

हो, येतं. जुन्या वॅगन आरचा मोटरवाला कॉलम (स्टीअरिंग व्हीलखालचा दांडा, आवरणासकट) त्याच गाडीच्या कंट्रोलरसकट (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) घ्या. यात मोटर, वर्म गिअर आणि हाताचा पीळ मोजणारा टॉर्क सेन्सर असं सगळं कॉलमवरच, केबिनच्या आत असतं, त्यामुळे खालच्या स्टीअरिंग बॉक्सला हात लावावा लागत नाही. छोट्या गाडीत मोटर कॉलमवर बसवायची ही पद्धत मोठ्या उत्पादनात पहिल्यांदा आली तीही सुझुकीच्याच गाडीत, 1988 च्या सेर्व्होमध्ये. जिप्सीचा बॉक्स रॅकचा (सरळ दातेरी पट्टीचा) नसून गोळ्यांचा (आत पोलादी गोळ्या फिरणारा) आहे, मग दिशा उलटी पडेल का, ही शंका मनातून काढून टाका. मोटर कॉलमला मदत करते. पुढे रॅक आहे की बॉक्स, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

पण खरेदीला जाण्याआधी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. चाकं हवेत असताना ते दोन बोटांनी फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर दोष यंत्रणेतच आहे. जिप्सीत बहुतेक वेळा नकलची (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याची) बेअरिंग कोरडी पडलेली किंवा गंजलेली असतात, बॉक्समध्ये तेल नसतं, नाहीतर कोणीतरी प्ले (स्टीअरिंगची ढिलाई) काढायच्या नादात बॉक्सवरचा स्क्रू प्रमाणाबाहेर आवळलेला असतो. हे आधी नीट करा, टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंक (स्टीअरिंगचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्या) यांचे सांधे तपासा, टायरमधली हवा बघा. ही पायरी गाळू नका असं मी हात जोडून सांगेन, कारण मोटर जडपणा झाकते, पण झीज थांबवत नाही. आजवर फक्त हाताचा जोर सोसलेल्या सांध्यावर आता हात आणि मोटर दोघांचा जोर येणार आहे. बॉक्समधला प्लेही मोटरने जात नाही, उलट स्टीअरिंग हलकं झाल्यावर जास्त जाणवतो.

भंगार बाजारात, कुर्ल्याला असो की तुमच्या गावात, सुटे भाग जमवू नका. एकाच गाडीचा कॉलम, कंट्रोलर, मधला शाफ्ट, ब्रॅकेट, किल्लीचं लॉक, इंडिकेटरचा स्विच, स्टीअरिंग व्हील आणि सगळे प्लग किमान 30 सेंटिमीटर वायरसकट घ्या. टॉर्क सेन्सर आणि कंट्रोलर एकमेकांशी जुळलेले असतात. वेगळी जोडी लावली तर शून्यबिंदू सरकतो आणि हात न लावताही स्टीअरिंग एका बाजूला ओढू लागतं. नवीन मॉडेलचा कंट्रोलर टाळा. त्याला वेगाची माहिती कॅन बसवरून (गाडीतल्या कंट्रोलरांना जोडणाऱ्या डिजिटल तारांवरून) लागते आणि तुमच्या गाडीत ती नाही. जुन्या कंट्रोलरला साध्या वायरवरचे सिग्नल चालतात.

सगळ्यात जास्त डोकं शाफ्टच्या कामात लागतं. कॉलमच्या खालच्या टोकाचे दाते आणि जिप्सीच्या बॉक्सचे दाते मोजा. जुळणार नाहीत असंच धरून चाला. दोन शाफ्ट टोकाला टोक लावून वेल्ड करणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. टर्नरकडून जाड बाही करून घ्या, दोन्ही शाफ्ट तिच्यात खोल घुसू द्या, वेल्डिंग आणि आरपार पिन दोन्ही करा. त्याहून उत्तम म्हणजे दोन्ही बाजूंना जुळणारे दाते असलेला तयार युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरणारा सांधा) मिळवणं, मग वेल्डिंगच उरत नाही. मूळ शाफ्टमध्ये रबर कपलिंग असेल तर ते नवीन टाका. चिरलेलं रबर मोटरच्या जोरापुढे टिकत नाही.

जॉइंटचा कोन 30 अंशांच्या आत ठेवा. एकट्या जॉइंटला 30 अंशांचा कोन असला तर खालच्या शाफ्टचा वेग एका फेरीत वरच्याच्या 0.87 ते 1.15 पट असा दोनदा वरखाली होतो. 20 अंशांवर हाच फरक सहा टक्क्यांच्या आसपास राहतो. दोन जॉइंट असतील तर दोन्ही कोन सारखे ठेवा आणि मधल्या शाफ्टची दोन्ही टोकांची फोर्क (जॉइंट धरणारी दुबोटी टोकं) एका रेषेत आणा, म्हणजे एकाची चूक दुसरा भरून काढतो. फोर्क 90 अंशांनी फिरली की चूक दुप्पट होते. वळणावर स्टीअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागू लागलं की लोक कंट्रोलर बदलत बसतात, आणि कारण हे असतं. तीन जॉइंट लागलेच तर मधल्या शाफ्टला आधाराचं बेअरिंग द्यावं लागतं.

मोटर कॉलमला जितकं पिळते तितकंच कॉलमचं आवरण उलट दिशेने पिळलं जातं. म्हणून डॅशच्या नुसत्या पत्र्यावर ते टांगू नका. किमान 3 मिलिमीटरच्या प्लेटचा ब्रॅकेट, 8.8 ग्रेडचे एम 8 बोल्ट, आणि आधार डॅशमागच्या आडव्या पाइपला व फायरवॉलला, असं करा. मोटर गुडघ्याला किंवा क्लचच्या पेडलला अडत असेल तर अख्खा कॉलम त्याच्या अक्षाभोवती फिरवून बसवता येतो. अपघातात कॉलम आत दबावा म्हणून जो भाग सरकता ठेवलेला असतो तो वेल्ड करून पक्का करू नका. तो छातीसाठी आहे.

आता वीज. सरळ चालताना करंट नगण्य असतो, पण उभ्या गाडीत चाकं पूर्ण वळवताना तो 30 अँपिअरच्या पुढे जातो. बॅटरीच्या प्लसपासून थेट 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावा आणि फ्यूजचा आकडा वॅगन आरच्या फ्यूजबॉक्समध्ये असेल तोच ठेवा. अर्थिंगही तितक्याच जाड वायरने बॅटरीच्या मायनसला न्या, गंजलेल्या बॉडीवर विसंबू नका. नंतर मीटर लावून बघा. चाकं वळवताना बॅटरी आणि कंट्रोलर यांतला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. आयडलवर हेडलाइट लावून स्टीअरिंग वळवताना मदत मधेच तुटत असेल तर आधी बेल्ट, अल्टरनेटर आणि ही जोडणी तपासा.

सिग्नल दोन लागतात. इंजिन चालू आहे हे कळल्याशिवाय कंट्रोलर मदत सुरू करत नाही. तुमच्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात हा सिग्नल इग्निशन कॉइलच्या मायनसवरून घ्यावा लागेल, पण वायर सरळ जोडू नका. तिथे दर ठिणगीला शेकडो व्होल्टचा झटका येतो आणि कंट्रोलर जळतो. मध्ये टॅकोमीटरसाठी मिळतं तसं सिग्नल कन्व्हर्टर घाला. जिप्सी आणि ही जुनी वॅगन आर दोन्ही चार सिलिंडरच्या, म्हणजे दर फेरीला दोन पल्स, त्यामुळे आकडा जुळतो.

दुसरा सिग्नल वेगाचा. जिप्सीत केबलचा स्पीडोमीटर आहे, तेव्हा केबलच्या मध्ये बसणारा चार पल्सचा सेन्सर घाला. जपानी मानकाप्रमाणे केबल किलोमीटरला 637 फेऱ्या मारते, म्हणजे 2548 पल्स. तुमच्या गाडीचं पडताळायचं तर मीटरकडून केबल सोडवा, गाडी मोजून 10 मीटर ढकला आणि फेऱ्या मोजा. सव्वासहाच्या जरा पुढे यायला हव्यात. टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील तर थोड्या कमी येतील, तेवढं चालतं. वेगाऐवजी खोटा ठरावीक सिग्नल देणाऱ्या नॉबच्या डब्या मिळतात. त्यांच्यावर गाडी चालते, पण पार्किंगला हवी तितकीच मदत 80 च्या वेगाला मिळते आणि जिप्सीसारख्या उंच, आखूड गाडीत तेवढं हलकं स्टीअरिंग धोक्याचं आहे. मी खरा सिग्नलच लावायला सांगेन.

हे सगळं सामान बंद केबिनसाठी बनवलेलं आहे आणि तुमची जिप्सी सॉफ्ट टॉप असेल तर कोकणातला पाऊस सरळ डॅशवर येतो. कंट्रोलर डॅशखाली जितका उंच जाईल तितका उंच लावा, प्लगची तोंडं खाली ठेवा, आणि वायर प्लगमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर आणा, म्हणजे पाणी झोळातून गळून जाईल. 31 इंची टायर घालून दगडधोंड्यांत गाडी चढवायची असेल तर मात्र हा कॉलम कमी पडेल, तिथे हायड्रॉलिकच बघा.

गाडी उंच केलेली असेल तर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल) कमी झालेला असतो. वर्म गिअरचं घर्षण त्यात मिळालं की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही. कॅस्टर दुरुस्त करणं हाच उपाय आहे.

काम संपल्यावर विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांबद्दलच आहे. रस्त्यावर नेण्याआधी मोकळ्या मैदानात 20 च्या वेगाने चालवताना शेजारच्याला पॉवर स्टीअरिंगचा फ्यूज काढायला सांगा. स्टीअरिंग जड होईल, आधीपेक्षा जरा जास्तच, कारण आता मोटरही हातानेच फिरवावी लागते. तरी गाडी तुमच्या ताब्यात राहिली पाहिजे. घरात जो कोणी ही गाडी चालवतो त्या प्रत्येकाकडून ही चाचणी करून घ्या.