अलॉय व्हीलवरचं पावडर कोटिंग काढायला कोणता रिमूव्हर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मोटरसायकलच्या दोन अलॉय व्हीलवरचं काळं पावडर कोटिंग आणि घरच्या जुन्या लोखंडी झोपाळ्यावरचे ऑइल पेंटचे थर, दोन्ही घरीच काढायचेत. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला रिमूव्हर झोपाळ्यावर चालला, चाकांवर मात्र ढिम्म. आणि शेजारी म्हणताहेत, कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवा, सगळं निघेल.

शेजारी खरंच बोलताहेत. सगळं निघेल, चाकासकट.

नागपूरला हिंगणा एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट. ग्रिलचे काही तुकडे परत कोट करायला आले होते, ते आम्ही गरम कॉस्टिकच्या टाकीत सोडले. त्यांच्यासोबत चार ब्रॅकेट होते. जाड रंगाखाली लोखंडाचेच वाटले, उचलून बघायचं कुणाला सुचलं नाही. पाच मिनिटांत टाकी उतू जाणाऱ्या दुधासारखी फसफसायला लागली आणि घसा धरणारी वाफ शेडभर झाली. ब्रॅकेट बाहेर काढले तेव्हा काळे पडलेले, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, आणि बोल्टच्या भोकांतले आटे गायब. अ‍ॅल्युमिनियम होतं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि खाताना हायड्रोजन सोडतं, तो ठिणगीने भडकतो. पलीकडच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू होतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. गिऱ्हाइकाला ब्रॅकेट नवे करून दिले आणि त्या दिवसापासून टाकीशेजारी दोरीला एक लोहचुंबक बांधलाय. जॉब आला की आधी चुंबक, मग बाकी सगळं.

म्हणून रिमूव्हर निवडताना रंग कोणता हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, खाली धातू कोणता? चुंबक चिकटला नाही तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचं डायकास्ट, आणि दोन्हीला कॉस्टिक वर्ज्य. चिकटला तरी लगेच खूश होऊ नका, जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपलाही चुंबक चिकटतो आणि त्यावरचा जस्ताचा थर कॉस्टिकमध्येही जातो, अ‍ॅसिडमध्येही जातो. रंग उडालेल्या जागी चकचकीत करडा, फुलाफुलांचा पत्रा दिसला तर ते जीआय समजा.

रंग ओळखायला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये भिजवलेली चिंधी रंगावर मिनिटभर दाबून धरा. रंग चिंधीला लागून आला तर एनसी, म्हणजे थिनरनेच काम होईल. सुरकुत्या पडल्या तर ऑइल पेंट. काहीच झालं नाही, फार तर चमक थोडी मेली, तर पावडर कोटिंग किंवा हार्डनर घालून मारलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग. तुमच्या चाकांचं तेच असणार.

पावडर इतकी चिवट का? साधा रंग हवेत सुकतो. पावडर १८० ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-वीस मिनिटं भाजली जाते, आणि त्यात तिचे रेणू एकमेकांत असे गुंफले जातात की पुन्हा कशातच विरघळत नाहीत. साखरेचा पाक विरघळतो, भाजलेली भाकरी विरघळत नाही, तसं. रिमूव्हर पावडरला विरघळवत नाहीच. तो आत शिरतो, थर फुगवतो आणि फुगलेला थर धातूवरची पकड सोडतो. म्हणून पावडर निघताना रंग ओघळत नाही, साप कात टाकतो तसे पापुद्रे सुटतात.

आत शिरायला रेणू लहान हवा. त्यात वर्षानुवर्षं पहिला नंबर मिथिलीन क्लोराइडचा, आमच्या भाषेत एमडीसी. झटपट काम करणाऱ्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये तेच असतं. सोबत उडून जाऊ नये म्हणून मेण, आणि जोर यावा म्हणून कधी फॉर्मिक अ‍ॅसिड किंवा फिनॉल. तुमचा रिमूव्हर चाकांवर चालला नाही याची मला दोन कारणं दिसतात. एकतर तो एमडीसीचा नसेल, फक्त ऑइल पेंटसाठीचा असेल. किंवा तुम्ही रंगासारखा ब्रश पुढे-मागे फिरवून पातळ लावला असेल. तसं केलं की वरची मेणाची साय मोडते आणि माल पाच मिनिटांत उडून जातो. रिमूव्हर लावायचा नसतो, थापायचा असतो. एकाच दिशेने, जाड, आणि वरून पॉलिथिन गुंडाळायचं. त्याआधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने कोटिंगवर ओरखडे काढले तर त्याला आत जायला वाट मिळते. मग अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. कारखान्यात बनवलेल्या चाकांवर पावडरवर पुन्हा क्लिअर कोट असतो कधी कधी, तेव्हा दोन-तीन हात लागतात.

एवढं सांगितलं तरी एमडीसी घरी वापरा असं मी म्हणणार नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते. बाथरूममध्ये, तळघरात, बंद गॅरेजमध्ये ती कमरेएवढी भरली तरी वर उभ्या माणसाला पत्ता लागत नाही, आणि रंग खरवडायला तो वाकतो तेव्हा थेट तिच्यात जातो. शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत बाथटबचा जुना रंग काढताना याच द्रव्याने २००० ते २०११ या काळात किमान १३ कारागीर मेल्याची नोंद आहे. तिथे २०१९ पासून घरगुती रिमूव्हरमध्ये ते विकता येत नाही, आणि २०२४ मध्ये बहुतेक औद्योगिक वापरही बंद करण्याचा नियम आला. युरोपात घरगुती विक्री त्याच्याही आधी थांबली. आपल्याकडे डबा सहज मिळतो, म्हणून तो निरुपद्रवी आहे असं नाही. कापडी मास्कने ही वाफ अडत नाही. वासासाठीचा कार्ट्रिजवाला मास्कसुद्धा एमडीसीपुढे फार वेळ टिकत नाही, आणि निळे नायट्राइलचे हातमोजे तर काही मिनिटांत हार मानतात. घरात हृदयाचा त्रास असलेलं कुणी असेल तर डबा आणूच नका. जवळ बिडी, शेगडी, वेल्डिंग काहीही नको. ती वाफ ज्वाळेवर गेली की फॉस्जीनसारखा विषारी वायू होतो.

आणि आमच्या नागपूरची खास अडचण. एमडीसी सुमारे ४० अंशांना उकळतं. मे महिन्यात इथे ४४-४५ असतं. एकदा भर दुपारी मी उन्हात राहिलेल्या डब्याचं झाकण पेचकसाने उचकटलं आणि आतला माल सोडा वॉटरच्या बाटलीसारखा फसकन मनगटावर आला. क्षणभर गार वाटलं, मग मिरची चोळल्यासारखी आग. पाच-दहा मिनिटं नळाखाली हात धरून उभा होतो. तेव्हापासून उन्हाळ्यात डबा आधी ओल्या पोत्यात ठेवतो आणि सकाळी सातच्या आत उघडतो. फिनॉलवाला माल असेल तर उलटी तऱ्हा, तो लागल्यावर कातडी पांढरी पडून बधिर होते, दुखत नाही, म्हणून माणूस धुवायचा कंटाळा करतो. तोवर फिनॉल अंगात उतरत असतं.

याला पर्याय बेंझाइल अल्कोहोलचा रिमूव्हर. हे फार उडत नाही (उकळायला २०५ अंश लागतात), वास सौम्य, आणि फॉस्जीनची भानगड नाही. खोट एकच, धीमं काम. कारखान्यात त्याची टाकी ६०-८० अंशांना तापवतात म्हणून तिथे जमतं. घरी जेल लावून, पॉलिथिन गुंडाळून रात्रभर ठेवायची तयारी हवी, आणि तरीही जाड पावडर पहिल्या फेरीत सगळी सुटेल याची खात्री नाही. घेताना दुकानदाराकडून मालाची सेफ्टी डेटा शीट मागा, ‘एमडीसी फ्री’ एवढ्या लेबलवर जाऊ नका. काही माल अल्कलीवाला असतो, म्हणजे पीएच चढा. तो अ‍ॅल्युमिनियमला पुन्हा कॉस्टिकसारखाच. शीटमध्ये अ‍ॅल्युमिनियमला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. तरीही चाकाच्या आतल्या बाजूला, टायरखाली झाकला जाईल अशा जागी रुपयाएवढा ठिपका लावून बघा. खाली धातू काळवंडला किंवा बुडबुडे आले तर लगेच धुवा आणि तो डबा झोपाळ्यासाठी ठेवा.

सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा सल्लाही कुणीतरी देईल. नाही म्हणा.

झोपाळ्याला मात्र कॉस्टिक चालेल, कारण ऑइल पेंट म्हणजे मुळात तेलच, आणि तेल अधिक कॉस्टिक म्हणजे साबण. रंग अक्षरशः साबण होऊन सुटतो. दहा लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो. सोडा पाण्यात थोडा थोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. बादली जाड प्लास्टिकची किंवा लोखंडी, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेतलंत तर आमच्या ब्रॅकेटची गत होईल. सागवानी फळी आधी उतरवा, लाकूड काळं पडतं. कड्यांवर जस्ताचा मुलामा असेल तर कड्याही बाजूला. डोळ्यांना बंद गॉगल, चष्मा नव्हे. आणि झोपाळा आजोबांच्या काळचा असेल तर त्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाला, त्याआधीचा रंग कोरडा घासून धूळ करू नका. ओलाच खरवडा, पोरांना लांब ठेवा.

चाकांचं माझं मत विचाराल तर ती घरी करू नका. रिमूव्हर, हातमोजे, दोन रविवार, आणि शेवटी खाचांमध्ये उरलेले पापुद्रे टोकदार सळईने काढताना पडणारे ओरखडे, हे सगळं धरलं तर जॉबवर्कवाल्याकडे देणं स्वस्त पडतं. पण देताना एक विचारा, ‘जुनं कोटिंग कसं काढता?’ ‘भट्टीत जाळतो’ म्हणाला तर चाकं उचला आणि निघा. लोखंडी हँगरवरची पावडर आम्हीही ४०० अंशांना जाळतो, पण अलॉय व्हीलला हीट ट्रीटमेंटने आलेली ताकद असते, ती इतक्या उष्णतेत उतरते. चाक दिसायला तसंच दिसतं, खड्ड्यात गेल्यावर कळतं. केमिकलच्या टाकीत काढून, हलकं ब्लास्टिंग (वाळूचा मारा) करून, अ‍ॅल्युमिनियमची वेगळी प्रक्रिया करून कोट करतो म्हणाला तर द्या. फक्त ब्लास्टिंगही चालतं, पण पावडर रबरासारखी असते, वाळूचा कण आपटून परत येतो, म्हणून कारागीर वैतागून प्रेशर वाढवतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो.

तरीही घरीच करणार असाल तर धुण्यात घाई नको. पाण्याने, मग साबणाच्या पाण्याने काथ्या मारून, मग पुन्हा पाण्याने, आणि प्रत्येक भोकात. एका सायकलच्या फ्रेमचं आम्ही बाहेरून छान धुतलं, पेडलच्या नळीत रिमूव्हर राहिला. नवी पावडर मारून ओव्हनला लावली, आणि तापल्यावर तो आतून झिरपून बाहेर आला. चकचकीत लाल फ्रेमवर बरोबर सांध्याखाली पिंपळाच्या पानाएवढा फोड. सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

खरवडलेला गाळ मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकू नका. आमचा बुटीबोरीला घातक कचऱ्याच्या केंद्रात जातो. तुमचा चार मुठींचा असेल, तो झाकणाच्या डब्यात भरून एखाद्या कोटिंगवाल्याला ‘तुमच्या गाळात घ्याल का’ विचारून बघा, बहुतेक घेतील.

आणि हो, चाकातली बेअरिंगं आणि सील काढलेत ना? प्रश्नात तसं लिहिलेलं दिसत नाही. रिमूव्हर आत गेला तर ग्रीस धुऊन जाईल आणि रबर फुगेल. आधी ते काढा, मगच डब्याचं झाकण.